आधी पाणी, मग दवाखाना : जामखेडच्या बालआरोग्य प्रयोगाचा इतिहास

१/
जामखेड तालुक्याचे नाव निघाले की इतिहासप्रेमींना दोन गावे आठवतात. एक चौंडी, अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव. दुसरे खर्डा, जेथे मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली. याच तालुक्यात १९७० नंतर आणखी एक इतिहास घडला. त्याला ना तट ना बुरूज, ना तहनामा. पाच वर्षांखालील मुले का मरतात आणि ती मरू नयेत म्हणून कोणी काय करावे, या प्रश्नाचा तो इतिहास आहे.

२/
आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बीड आणि धाराशिवच्या सीमेला लागून हा तालुका पसरला आहे. पर्जन्यछायेचा प्रदेश, हलकी जमीन, ज्वारी-बाजरीवर चालणारे घर. पाऊस आला तर शेती, नाही आला तर स्थलांतर. १९७० च्या आसपास येथील कित्येक गावांना धड रस्ता नव्हता. उन्हाळ्यात पिण्याचे पाणी मिळवण्यातच बायकांचा निम्मा दिवस जाई. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी किती बालके पहिला वाढदिवस न पाहताच जात? प्रकल्पाच्या १९७१ च्या नोंदीनुसार १७६. म्हणजे साधारण दर सहा बाळांमागे एक.

३/
या तालुक्यात १९७० साली एक डॉक्टर दांपत्य आले : रजनीकांत आणि मेबल आरोळे. रजनीकांत याच जिल्ह्याचे, मेबल जबलपूरच्या. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. १९६० मध्ये विवाह झाला, तोच मुळी आयुष्य ग्रामीण भारतासाठी द्यायचे या परस्परांच्या निश्चयावर. पुढे नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. त्यांच्या पुढच्या साऱ्या विचाराची पायाभरणी तेथेच झाली.

४/
वडाळ्याला रुग्णांची रीघ लागे. जुलाबाने सुकलेले मूल यायचे, सलाईन लावले की टवटवीत होऊन घरी जायचे. काही आठवड्यांनी तेच मूल पुन्हा त्याच अवस्थेत दारात. धनुर्वात, गोवर, क्षय, कुपोषण यांचेही तसेच. डॉक्टरांच्या ध्यानात आले की रुग्णालयात येणाऱ्या आजारांचा मोठा भाग मुळात टाळता येण्याजोगा आहे. रुग्णालय कितीही उत्तम चालले तरी ते आजाराच्या शेवटच्या पायरीवर उभे असते. पहिली पायरी घरात, विहिरीवर आणि चुलीपाशी असते.

५/
या जाणिवेनंतर दोघे अमेरिकेला गेले. तेथे वैद्यकशास्त्र आणि शल्यचिकित्सा यांचे पुढील प्रशिक्षण घेतले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तेथील प्राध्यापक कार्ल टेलर यांचे पंजाबातील नारंगवाल येथे ग्रामीण आरोग्याचे संशोधन चालू होते. त्याच सुमारास नायजेरियात काम केलेले डेव्हिड मॉर्ले हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ एक साधा विचार मांडत होते : मुलाच्या वजनाचा तक्ता दवाखान्याच्या कपाटात नको, आईच्या घरी असावा. जगभर वारे बदलत होते. प्रश्न होता तो हे वारे जामखेडच्या वाडीवस्तीपर्यंत कसे पोहोचवायचे हा.

६/
जामखेडला काम सुरू झाले ते गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. डॉक्टरांच्या मनात आराखडा तयार होता : लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी, पाच वर्षांखालील मुलांचे वजन, कुटुंबनियोजन. शास्त्रीयदृष्ट्या त्यात खोट काढता आली नसती. मात्र गावात बसून लोकांना विचारले, तेव्हा त्यांची यादी निराळीच निघाली. तिच्या शिरोभागी होते पाणी. त्याखाली अन्न. आरोग्य त्यानंतर, बरेच खाली.

७/
येथे एक वळण येते आणि सारा पुढचा इतिहास त्या वळणावर उभा आहे. तज्ज्ञाची यादी आणि कुटुंबाची यादी जुळत नसेल, तर कोणती धरायची? त्या काळच्या बहुतेक सरकारी योजनांचे उत्तर ठरलेले होते : तज्ज्ञाची. लोक अडाणी आहेत, त्यांना समजावून सांगावे लागेल, एवढाच काय तो लोकांचा विचार. आरोळे दांपत्याने लोकांची यादी धरली. त्यात केवळ सौजन्य नव्हते, वैद्यकीय तर्कही होता. दूषित पाण्यानेच मुलांना जुलाब होत होते. लोक ज्याला पाणी म्हणत होते, त्यालाच डॉक्टर बालमृत्यू म्हणत होते. एकाच गोष्टीची ती दोन नावे होती.

८/
त्यामुळे काम सुरू झाले कूपनलिकांपासून. त्यातही एक गोष्ट लक्षणीय आहे. गावची विहीर बहुधा सवर्णांच्या हाती असे आणि दलित स्त्रीला तेथे ओंजळीत पाणी वाढून घ्यावे लागे. नव्या कूपनलिका शक्यतो दलित वस्तीत घेतल्या गेल्या. दुष्काळात गावातल्या इतर विहिरी आटल्या की सर्वांना पाण्यासाठी त्याच वस्तीत यावे लागे. हातपंपाच्या दांड्याला जात विचारता येत नाही. जे भाषणांनी झाले नसते ते काही प्रमाणात तहानेने घडवून आणले.

९/
पाठोपाठ आला १९७२ चा दुष्काळ. महाराष्ट्राच्या स्मृतीत तो सुकडीचा, खडी फोडण्याचा आणि रोजगार हमीच्या उगमाचा दुष्काळ म्हणून राहिला आहे. जामखेडच्या गावांत या काळात लहान मुलांसाठी आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवण्यात आली. बाहेरून धान्याची मदत आली. पण सरपण, भांडी, रांधणे, वाढणे हे गावाने उचलले. निरनिराळ्या जातींची मुले एकाच ठिकाणी जेवू लागली. कोणते मूल भरते आहे आणि कोणते खंगते आहे, हे वजनाच्या नोंदीतून गावालाच दिसू लागले.

१०/
पुरुषांना एकत्र कसे आणायचे, हाही प्रश्न होता. आरोग्याची सभा म्हटली की कोणी फिरकत नसे. मग संध्याकाळी व्हॉलीबॉल सुरू झाला. खेळ संपल्यावर पारावर बसून बोलणे होई : बियाणे, विहीर, गुरांचे आजार, कर्ज, आणि त्या ओघात घरातल्या मुलांचा जुलाब, ताप. या बैठकांतून शेतकरी मंडळे उभी राहिली. निरनिराळ्या जातींचे पुरुष एकाच मैदानात खेळले, एकाच सतरंजीवर बसले. पुढे स्त्रियांची महिला मंडळे झाली. बालकाचे आरोग्य ही फक्त आईची जबाबदारी नाही, हे या रचनेतच गृहीत होते.

११/
तरीही पहिली मोठी चूक प्रकल्पाकडूनच झाली, आणि ती कथा सर्वांत अधिक शिकवणारी आहे. गावागावांत आरोग्याचे काम करण्यासाठी प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांवर भिस्त ठेवण्यात आली. त्या शिकलेल्या होत्या, कष्टाळू होत्या. पण बहुतेक तरुण, बाहेरच्या, शहरी वळणाच्या. एकट्या तरुण मुलीने परक्या गावात मुक्काम करणे अवघड. शिवाय चार बाळंतपणे झालेल्या बाईला अविवाहित मुलीने बाळ कसे वाढवावे हे सांगावे, हे गावाला पटेना. सल्ला बरोबर होता. सांगणाऱ्या व्यक्तीशी घराचे नाते नव्हते.

१२/
उपाय गावकऱ्यांशी झालेल्या चर्चेतून निघाला : आमच्यातलीच एक बाई घ्या आणि तिला शिकवा. यातून ग्राम आरोग्य कार्यकर्तीची कल्पना आकाराला आली. तिची निवड गावाने करायची. ती त्याच गावची सून असायची, मध्यमवयीन, पोराबाळांची, लोकांना जिच्याशी बोलताना संकोच वाटणार नाही अशी. निवडल्या गेलेल्यांपैकी कित्येक जणी निरक्षर होत्या आणि अनेक दलित समाजातल्या होत्या. काहींच्या वाट्याला नवऱ्याने टाकून देण्याचे दुःखही आलेले होते. ज्यांना गावाने उंबऱ्याबाहेर ठेवले होते, त्यांनाच आता गावाच्या प्रत्येक उंबऱ्याआत जायचे होते.

१३/
हे कसे शक्य झाले? प्रशिक्षण एकदाच घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धत येथे नव्हती. कार्यकर्त्या नियमाने जामखेडला येत, मुक्काम करत, आठवड्यात पाहिलेले आजार सांगत, त्यावर चर्चा करत आणि एखादी नवी गोष्ट शिकून परत जात. पुढच्या खेपेस ती गोष्ट गावात चालली की फसली हे सांगत. सर्व जातींच्या स्त्रिया एकत्र जेवत, एकत्र राहत. सुरुवातीला ते सोपे नव्हते. शरीरशास्त्राच्या आधी आत्मविश्वासाचा धडा होता. स्वतःला काहीच येत नाही असे जन्मभर ऐकलेल्या बाईला दुसऱ्या बाईला धीर देता येत नाही, हे मेबल आरोळे यांनी ओळखले होते.

१४/
आता घराच्या आत डोकावू. त्या काळच्या बाळंतिणीच्या खोलीत अनेक समजुती नांदत होत्या. गरोदरपणी बाईने कमी खावे, म्हणजे मूल लहान राहील आणि बाळंतपण सोपे होईल. पहिला चीक बाळाला मानवत नाही, तो पिळून टाकावा. बाळंतिणीला पहिले काही दिवस पोटभर जेवण देऊ नये. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी बंद करावे. गोवर हा देवीचा कोप, त्याला औषध नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई बाळाच्या कपाळी लिहून जाते. तिने लिहिले ते कोण पुसणार?

१५/
बाहेरून पाहणाऱ्याला ही निव्वळ अंधश्रद्धांची यादी वाटते. आतून पाहिले तर चित्र बदलते. कमी खाण्यामागे अडलेल्या बाळंतपणाची खरी भीती होती, कारण अडलेल्या बाईला गाठता येईल असे रुग्णालय जवळ नव्हते. सटवाईच्या लेखामागे एका आईचे सांत्वन होते. सहांतले एक मूल जाणारच असेल तर दोष स्वतःकडे न घेता जगण्याची ती एक वाट होती. समजूत चुकीची असली तरी तिच्या मुळाशी असलेली गरज खोटी नव्हती. त्या गरजेला हात न घालता केवळ समजुतीची थट्टा केली, तर घराचे दार बंद होते.

१६/
ग्राम आरोग्य कार्यकर्तीचे बळ नेमके येथे होते. याच समजुतींत ती वाढली होती. काही वर्षांपूर्वी तिनेही त्या पाळल्या होत्या. त्यामुळे तिच्या सांगण्यात हेटाळणी नसे, अनुभव असे. सुकलेल्या मुलाला पाणी देण्याची गोष्ट ती घरातल्याच साखर, मीठ आणि उकळून गार केलेल्या पाण्याने करून दाखवी. बाटलीतले औषध आणायला जामखेडला जावे लागत नसे. पालेभाजी, डाळ, शेंगदाणे यांचे महत्त्व ती चुलीपाशी बसून सांगे. गाणी आणि चित्रे हीच तिची पाठ्यपुस्तके होती, कारण ऐकणारीला वाचता येत नव्हते आणि बहुतेक वेळा सांगणारीलाही.

१७/
दाईलाही दूर लोटण्यात आले नाही. गावाचा तिच्यावर विश्वास होता. त्या विश्वासाला नवे ज्ञान जोडण्यात आले. हात धुणे, नाळ कापण्यासाठी स्वच्छ पाते, बांधण्यासाठी स्वच्छ दोरा, धोक्याची लक्षणे दिसताच जामखेडला पाठवणे. नवजात बाळाचा धनुर्वात पूर्वी सटवाईच्या खात्यावर जमा होत असे. स्वच्छ पाते आणि गरोदर स्त्रीला दिलेली लस यांनी तो लेख बदलता येतो, हे एकेका घराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. समजूत युक्तिवादाने सुटली नाही. जगलेल्या बाळांनी ती सोडवली.

१८/
परिणाम काय झाला? पहिल्या काही वर्षांत सुमारे ३० गावे आणि ४०,००० लोक या कामाच्या कक्षेत आले. पुढे गावांची संख्या वाढत गेली. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मधील १७६ हा अर्भकमृत्युदर १९७६ मध्ये ५२ वर आणि १९९६ मध्ये २६ वर आला. कोणत्याही संस्थेचे स्वतःविषयीचे आकडे सावधपणे वाचावेत, हा इतिहासाच्या अभ्यासाचा पहिला नियम. त्यामुळे २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. त्यात १९९२ ते २००७ या काळातील प्रकल्पाची गावे आणि तुलनेची इतर गावे तपासली गेली. जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या बालकांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला.

१९/
या आकड्यात एक मर्यादाही दडलेली आहे. फरक दिसला तो मुख्यतः पहिल्या महिन्यानंतर. पाणी, आहार, लस, जुलाबावरचा उपाय यांनी जे साधते ते साधले. अकाली जन्मलेले किंवा जन्मताच श्वास न घेणारे बाळ वाचवायला मात्र केवळ घरची शहाणीव पुरत नाही. जवळ सुसज्ज रुग्णालयही लागते. कुटुंबाचे सामर्थ्य ओळखणे म्हणजे सारा भार कुटुंबावर टाकून मोकळे होणे नव्हे. जामखेडलाही गावातल्या कार्यकर्तीच्या पाठीशी रुग्णालय होतेच, आणि ते असल्यामुळेच तिच्या शब्दाला वजन होते.

२०/
जगाने या कामाची दखल लवकर घेतली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकाधारित आरोग्यसेवेच्या निरनिराळ्या देशांतील प्रयोगांवर एक ग्रंथ काढला. त्यात चीन, क्युबा, टांझानिया यांच्या पंक्तीला जामखेडचे प्रकरण होते. तीनच वर्षांनी, १९७८ मध्ये, अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा प्रसिद्ध जाहीरनामा मांडला गेला. आरोग्याच्या नियोजनात सहभागी होणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असे त्यात म्हटले होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये रजनीकांत यांना पद्मभूषण.

२१/
पण या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग पुरस्काराचा नाही. १९८८ मध्ये वॉशिंग्टनला एक आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली होती. तेथे जामखेडच्या मुक्ताबाई पोळ या ग्राम आरोग्य कार्यकर्तीने भाषण केले. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांची तुलना त्या झुंबरांशी केली : सुंदर, पण महाग आणि दूर. मग पिशवीतून दोन साध्या पणत्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावर दुसरी पेटवली. झुंबराला दुसरे झुंबर पेटवता येत नाही. पणतीला पणती पेटवता येते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. दिव्याने दिवा लावण्याची ही कल्पना त्यांना कोणा पुस्तकाने दिली नव्हती. ती त्यांच्या घरच्या देवळीतली होती.

२२/
महाराष्ट्रात हा विचार एकाकी नव्हता. याच्या बऱ्याच आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे आले. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्राला देशभर रूढ झालेले नाव होते अंगणवाडी. त्या नावातच धोरण आहे : मूल सेवेकडे यावे असे नव्हे, सेवेने मुलाच्या अंगणात जावे.

२३/
कल्पना उचलताना तिचा गाभा मागे राहू शकतो, याचाही दाखला या काळात आहे. १९७७ मध्ये केंद्र सरकारने गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांची देशव्यापी योजना आखली. नाव जवळजवळ तेच, पण निवडले गेले ते बहुतांश पुरुष. आता बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कसा जाणार? चीक, अंगावरचे दूध, गरोदर सुनेचे जेवण यांविषयी सासूशी तो काय बोलणार? ज्या घराची सेवा करायची त्या घराची रीत विचारात न घेता केलेली रचना कशी अडखळते, हे या योजनेने दाखवले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा कार्यकर्ती आली, ती मात्र त्याच गावची स्त्री म्हणून.

२४/
आशाच्या रचनेत जामखेडच्या कार्यकर्तीची सावली स्पष्ट दिसते. फरकही तितकाच स्पष्ट आहे. जामखेडची कार्यकर्ती गावाला उत्तरदायी होती. आशाला रकाने भरून वरच्या कार्यालयाला द्यावे लागतात आणि मोबदला कामाच्या बाबींनुसार मिळतो. उलट बाजूने एक प्रश्न जामखेडलाही विचारला पाहिजे : गरीब स्त्रीच्या श्रमाला सेवा म्हणत किती काळ तुटपुंज्या मोबदल्यावर चालवायचे? सन्मान मिळाला, व्यवसायासाठी मदत मिळाली, काही जणी गावच्या पुढारी झाल्या. तरीही हा प्रश्न संपत नाही. आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या मोर्चांत तो आजही ऐकू येतो.

२५/
मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. मधल्या काळात तालुकाही बदलला. रस्ते झाले, खासगी दवाखाने झाले, घराघरांत भ्रमणध्वनी आले. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास जामखेड, पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून आजही ऊसतोड मजुरांचे तांडे कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे एक कोयता म्हणतात. कोयता मोजला जातो, उचल कोयत्यावर ठरते. कोयत्याबरोबर गेलेले मूल मात्र त्या मोजणीत नसते.

२६/
या मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते आणि ते स्वतः फडाच्या कडेला कोपीत असते. त्याची लस गावात येते, पोषण आहार गावात शिजतो, वजनाचा काटा गावात आहे. साखरशाळा आल्या, आईवडिलांच्या माघारी मुलांना गावात ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे आली. त्यांचा उपयोग झाला. परंतु वसतिगृह शाळकरी मुलाला सामावून घेते. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईपासून कसे वेगळे ठेवणार? येथे सेवा इमारतीला बांधलेली आहे आणि कुटुंब बैलगाडीबरोबर हलते आहे.

२७/
आरोळे दांपत्याच्या पद्धतीने हाच प्रश्न पाहिला तर तो कोठून सुरू होईल? योजनेच्या कागदापासून नव्हे. निघण्याच्या आदल्या रात्री गाठोडी बांधणाऱ्या घरापासून. मूल कोण सांभाळते? आजी बरोबर येते की मागे राहते? फडावर पहाटे चुलीवर काय शिजते? एकाच फडातल्या दहा कोप्यांत अशी एखादी बाई आहे का, जिच्या शब्दाला इतर बायका मान देतात? गरज शोधावी तशी त्या घरात असलेली ताकदही शोधावी लागते. जामखेडमध्ये ती निरक्षर, टाकलेल्या, शिवाशिव सोसलेल्या बायकांत सापडली होती. कोणत्याही सर्वेक्षणात तेव्हा तिला रकाना नव्हता.

२८/
खर्ड्याची लढाई मराठी इतिहासात विजय म्हणून नोंदली गेली, आणि त्याच वर्षी सवाई माधवराव पेशव्यांच्या मृत्यूने त्या विजयाची रया गेली. शेजारच्याच गावांत पावणेदोनशे वर्षांनी झालेल्या या दुसऱ्या लढाईला तारीख नाही. तिचा विजय मोजायचा तर जे घडले नाही ते मोजावे लागते : न पेटलेली चिता, न खणलेला लहानसा खड्डा, रिकामा न झालेला पाळणा. १९७१ मध्ये दर हजारी १७६, १९९६ मध्ये २६. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे दर हजारी दीडशे मुले. त्यातली पहिली मुले आज पन्नाशीला आली असतील. त्यांच्या आईला सर्वप्रथम विचारण्यात आले होते की, तुला काय हवे आहे? आणि ती म्हणाली होती, पाणी.